पायलच्या हातची बोनी

सातवा लागला तरी पायलला काहीच खावंसं वाटत नव्हतं. कळव्याच्या त्या चाळीत याच्याएवढं मोठं टेन्शन दुसरं नव्हतं.

म्हणजे ती जेवायची. ताट समोर आलं की गोळी गिळावी तशी दोन घास गिळायची. पण मला अमुक हवं, असं तिच्या तोंडून निघत नव्हतं. शेजारणी यायच्या, दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय गं, चिंच आणू? कैरी आणू? भट्टीची माती खावीशी वाटते का?" ती हसायची आणि बोलायची, "काही नको."

मागच्या खेपेला असं नव्हतं. मागच्या खेपेला तिने सगळं मागितलेलं. आवळे, जांभळं, नाक्यावरच्या गाडीवरचा वडा आणि तोसुद्धा जरा करपलेला. नवऱ्याने, रत्नदीपने, बाइक पळवून पळवून सगळं आणलेलं. आणि पाचव्या महिन्यात एका दुपारी सगळं संपलं. तेव्हापासून पायलने मनाशी गाठ मारून ठेवलेली, की आपण मागितलं म्हणून गेलं. हे तिने रत्नदीपला एकदाच सांगितलेलं, कपडे वाळत घालताना, त्याच्याकडे पाठ करून. त्याने बोलायचा प्रयत्न केला, पण तिने पुढचा शर्ट झटकला आणि विषय मिटवला.

आता डॉक्टर सांगत होत्या की बाळाचं वजन कमी भरतंय. आईने पोटभर खायला हवं, आवडीनं खायला हवं. आवडीनं! औषधाच्या दुकानात आवड मिळत असती तर रत्नदीप रांगेत पहिला उभा राहिला असता.

घरात यावरून रोज वाजायचं. त्याचे पप्पा, बाबुराव, पालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झालेले. ते पेपर खाली करून बोलायचे, "आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. डोहाळे नाय पुरवले की पोराचे कान फुटतात, असलं काही या घरात बोलायचं नाय."

"कान फुटो नायतर न फुटो," केशरबाई, म्हणजे त्याची आई, चुलीवरून, आपलं ते गॅसवरून ओरडायची. "भूक काय प्रतिज्ञा विचारून लागते का?"

मग एका सकाळी पायल चहा गाळता गाळता थांबली. कपबशीकडे बघत बोलली, "मी बाजारात गेलेले रे."

"कधी?"

"स्वप्नात. पण बाजार पाण्यावर होता. मी होडीत बसलेले आणि बाकीचे पण होडीत. मी काहीतरी घेत होते."

रत्नदीप तिच्याजवळ सरकला. "काय घेत होतीस?"

"ते नाय दिसलं. हात पुढं केला आणि जाग आली." तिने चहा पुढे ढकलला. "घे, थंड होईल."

झालं! दुसऱ्या कोणी हे ऐकून सोडून दिलं असतं. पण रत्नदीप पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा माणूस. बाळकुमच्या टॉवरांतून त्याची रोजची फेरी. आणि मागच्याच महिन्यात एका विसाव्या का एकविसाव्या मजल्यावरच्या किचनमध्ये ओट्याखालून डोकं बाहेर काढताना त्याला खिडकीतून खाडी दिसलेली. खाडीच्या मधोमध होड्यांचा पुंजका होता, कोणीतरी मूठभर शेंगा पाण्यावर टाकाव्यात तसा. त्याने विचारलं तेव्हा घरातल्या बाई बोलल्या, "भरतीला बाजार भरतो म्हणे त्यांचा. अष्टमीच्या पुढच्या रविवारी." तेव्हा त्याने ते कानाआड केलेलं.

त्याने कॅलेंडर बघितलं. अष्टमी शुक्रवारी होती.

*

बाइक बंद, डॉक्टरची सक्त ताकीद. रिक्षात हादरे. म्हणून बस. कळवा नाक्याला दोघं पहाटेच्या धुक्यात उभी राहिली, पायलच्या अंगावर सासूची शाल, रत्नदीपच्या हातात सासूनेच भरलेला डबा. केशरबाईने निघताना बजावलेलं, "बाहेरचं कायबाय खाऊ देऊ नकोस. भाकरी आहे, ठेचा आहे, मेथी आहे."

बस आली ती विजेवरची, आवाज न करणारी. धुक्यातून नुसता नंबर तरंगत आला आणि त्याच्या मागून बस. कंडक्टरने पायलचं पोट बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या कॉलेजवाल्याला बोलला, "ऊठ राजा, तुझे पाय अजून नवे आहेत." पोरगं उठलं. पायल खिडकीला बसली.

कळव्याच्या पुलावर आल्यावर खाली खाडी असते. त्या दिवशी नव्हती. पूल कापसावरून चाललेला. पायलने काचेवर बोट टेकवलं आणि काढलं. "सगळं कुठं गेलं?" ती बोलली. उत्तर हवं होतं असं नाही.

ठाणे स्टेशनला बस बदलली. बाळकुमच्या बसमध्ये सगळेच पेंगत होते, कंडक्टरसकट. माजिवड्याला मेट्रोचे खांब धुक्यातून वर गेलेले आणि वर काही धरलेलंच नाही, नुसते उभे. रत्नदीप त्या जंक्शनला रोज शिव्या खात आणि देत जायचा. आज तिथं हॉर्नसुद्धा लांबून, पाण्याखालून आल्यासारखे वाजत होते. त्याला वाटलं, आपणच तिच्या स्वप्नात शिरलोय की काय. मग वाटलं, तसं असेल तर बरंच आहे. तिथं ती हात तरी पुढं करते.

"अहो," पायल बोलली. चारचौघांत ती त्याला अहो करायची. "तिथं काही नसलं तर?"

"नसलं तर परत येऊ. बसने फिरलो असं समजू."

"आणि असलं तर?"

त्याला एकदम कळलं की ती यालाच जास्त घाबरलेली आहे.

*

टॉवरांच्या मागून एक गल्ली जाते. गल्लीत जुनी कौलारू घरं, दारात तुळस, ओट्यावर वाळत टाकलेलं जाळं. पुढे कुंपण संपतं, डांबर संपतं आणि खाडीचा वास सुरू होतो. रत्नदीप इतकी वर्षं वरच्या मजल्यावर जायचा, पण या वासापर्यंत कधी आला नव्हता.

धक्क्यावर एक म्हातारा होडी धरून उभा होता. रुंद, जुनी, एकेकाळी रेती वाहणारी होडी. त्याने आधी पायलकडे बघितलं, मग पोटाकडे, मग रत्नदीपकडे, जणू रत्नदीप सामान आहे.

"बाजाराला?" त्याने विचारलं.

"हो काका. हिला चालेल ना होडीत?"

"ही होरी हलली तं मारुतीचा नाव बदल." म्हाताऱ्याने पायलला हात दिला. "ये गो बय, हलू ये. कितवा?"

"सातवा."

"कोन गाव?"

"कळवा."

मारुतीने मान हलवली, आणि वल्ह्याने धक्का मागे लोटला. धक्का गेला. मागचे टॉवर दिसेनासे झाले, मग एकदम वर, खूप वर, त्यांचे शेवटचे मजले दिसले. खालचं काहीच नाही. आभाळात बाल्कन्या टांगलेल्या आणि एका बाल्कनीत कोणीतरी टॉवेल झटकत होतं. पायल मान वर करून बघत राहिली.

बाजार आधी ऐकू आला. कोणी खोकलं, बांगड्या वाजल्या, लाकडावर लाकूड घासलं, एक कोंबडा आरवला. मग पांढऱ्यातून एक नाक बाहेर आलं, होडीचं. मग दुसरं. आणि मग त्या सगळ्या दिसल्या. होड्या एकमेकींना कुशीला कूस लावून बांधलेल्या. एकीत पांढरे कांदे, एकीत मुळे आणि भोपळे, एकीत सुकटाच्या टोपल्या, एकीत माठ आणि झाकण्या, एकीत चक्क प्लॅस्टिकच्या बादल्या, साबण आणि मोबाईलची कव्हरं. मोठा असा नव्हताच तो बाजार. पण खालून पाणी सगळ्यांना सारखंच वर उचलत होतं आणि सारखंच खाली ठेवत होतं, आणि त्यामुळे वाटत होतं की झोपलेल्या कोणाच्या तरी छातीवर भरलाय.

"तू बस," मारुती पायलला बोलला. "तुना उठाचा नाय. बाजार येल तुझ्याकडं."

आणि खरंच आला. दोरी सुटली, मुळ्यांची होडी सरकत त्यांच्या शेजारी लागली. आतला माणूस पायलला बघून उजळला. "अरे, गरवार बाई! कोनी बोनी केली नाय ना अजून? थांबा रं, थांबा सगली!" मग तिच्याकडे वाकून, अगदी मऊ आवाजात, "बोल बय. काय होवं तुला?"

पायल हसली. "काही नको."

त्या माणसाचा चेहरा असा पडला, जणू तिने त्याची होडी उलटवली.

"बोनीला, पयल्या इक्रीला, नको बोलाचा नाय गो," मारुती हळूच बोलला.

"मी घेतो ना," रत्नदीप पुढं झाला. "मुळे द्या. दोन जुड्या द्या. तीन द्या."

"तुझ्या हातची काय करू?" माणूस करवादला. "तुझ्या पोटान कोन हाय?"

आजूबाजूच्या होड्यांतून हशा पिकला. तरी रत्नदीपने मुळे घेतले. माणसाने दिले, पण बोनी म्हणून नाही; पैसे वेगळ्या खिशात टाकले आणि तोंड फिरवून बसला.

मग सुकटवाली आली. "बोल गो सोन्या, बोंबील देऊ? करंदी देऊ?"

पायलने रत्नदीपकडे बघितलं. "खरंच काही नको, मावशी."

माठवाला आला. बादल्यावाला आला, बोलला, "बाळाला आंघोळीला टब?" आणि पायलचा हात शालीखाली पोटावर गेला आणि मान जोरात हलली. नको, नको. प्रत्येक वेळी रत्नदीप मागून काहीतरी घेत राहिला. त्याच्या पायाशी मुळे, एक झाकणी, हिरवी बादली आणि भोपळा जमा झाला. ढीग वाढला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाजार थांबलाय.

कोणी काही विकत नव्हतं. पलीकडच्या काठाहून दुसरी गिऱ्हाइकं आलेली, ती आपापल्या होडीत पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. एका काकूंनी विचारलं, "काय झालं? कांदे देता ना?" तर कांदेवाली बोलली, "थांबा. गरवार बाई आलीय. तिच्या हातची होऊ दे, मंग सगल्यांची."

"आणि तिने नाही केली तर?"

"करल ना. बाई हाय, बाजारान आलीय. काहीतरी होवंच असल."

असा सीन. सगळा बाजार पायलभोवती गोल बसला आणि वाट बघायला लागला. कोणी रागवत नव्हतं. कोणी घाई करत नव्हतं. तेच वाईट होतं. पायलने शाल आवळून घेतली. तिचे ओठ पांढरे पडलेले.

"आपण जाऊ या," ती कुजबुजली. "रत्नदीप, प्लीज. मी या लोकांचा धंदा घालवला."

"काहीतरी बोट दाखव ना. एक मिरची दाखव. संपलं."

"खोटं?"

"खोटं तर खोटं."

"मग ती बोनी कशी होईल?" ती बोलली. खोटं मागणं तिला जमत नव्हतं आणि खरं मागायला ती घाबरत होती. त्याला वाटलं, आपण बायकोला फिरायला आणलं की पिंजऱ्यात.

मारुतीने पाण्याकडे बघितलं. "पानी भरत आला. मंग उतरल, बाजार मोडल."

"थोडं थांबेल ना काका?"

"भरती काय तुझी सासू हाय, थांबाला? ती कोनाची नाय."

*

सगळ्यात शेवटच्या होडीत एक बाई होती. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, समोर टोपलीत चिंबोऱ्या बांधून ठेवलेल्या. तिला सगळे सगुणा बोलत होते. ती बराच वेळ सगळं बघत होती. मग तिने मोठ्याने सांगितलं, "धंदा नाय तं नाय. मी जेवून घेते. पोटाला काय बोनी लागत नाय." आणि तिने मांडीवर फडकं सोडलं.

आत तांदळाची भाकर होती, जाड, एका बाजूला फुगलेली. आणि डब्यात लालभडक, तेल सुटलेलं सुकं. तिने झाकण काढलं आणि वास निघाला. लसूण, कोकम, आणि त्याच्या खाली खाडीचा, चिखलाचा, भिजलेल्या जमिनीचा वास. धुकं जड असतं. वास वर गेला नाही, तो पाण्यावरून सरपटत पायलपर्यंत आला.

रत्नदीपने बघितलं. पायलची मान वळली. तिचा घसा हलला. एकदा. परत एकदा.

आयुष्यात पहिल्यांदा त्याला इतकं कळलं, की आत्ता गप्प बसायचं. खाडीवर बगळा उभा असतो ना, तसा तो बसून राहिला.

सगुणाने घास मोडला, तेलात फिरवला, तोंडात टाकला. पायलची नजर त्या घासाबरोबर तोंडापर्यंत गेली आणि परत आली.

"ताई," ती बोलली. आवाज फुटला नाही. परत बोलली, "ताई, ते काय आहे?"

"निवट्या. चिखलान उड्या मारतान ना, त्या मासल्या. माझ्या सुनेनं केल्यान. तिखट केल्यान मेलीनं."

पायलने डोळे मिटले. दोन्ही हात पोटावर ठेवले, जसं कोणाचे तरी कान झाकतेय. मग डोळे न उघडताच बोलली, "मला ते हवंय."

रत्नदीपच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते लपवायला त्याने उगाच भोपळा उचलून दुसरीकडे ठेवला.

बाजारात एकदम कालवा झाला. "झाली! बोनी झाली! सगुणे, पैशे घे, पैशे घे लवकर!"

"पैशे?" सगुणा कडाडली. "रांधलेला इकू मी? गरवार पोरीला शिदोरी इकू? जीभ झरल माझी!" तिने भाकर आणि डबा उचलला आणि होडीवरून पुढे केला. "खा गो. अशीच खा."

"पण मंग बोनी नाय झाली," मुळेवाला तिकडून ओरडला.

"नाय झाली तं नाय झाली!"

"असा कसा? आमी बसलाव ना इथं!"

वाद पेटला. कोणी म्हणे एक रुपया घे. कोणी म्हणे चिंबोरी विक आणि भाकर वर दे. सगुणा म्हणे, तिने चिंबोरी मागितली नाय, खोट्याची बोनी मला नको. भाकर मधल्या मध्ये, सगुणाच्या हातात, पाण्यावर. आणि पायल त्या भाकरीकडे बघतेय. आता तिला वाद ऐकू येत नव्हता, भूक लागलेली.

तिनेच मग शालीखालून हात काढला. रत्नदीपच्या पिशवीतला डबा ओढला. "हे घ्या," ती बोलली. "माझ्या सासूबाईंनी केलंय. हे तुम्ही घ्या आणि ते मला द्या."

रत्नदीप त्या डब्याकडे बघत राहिला. आपल्या घरचा डबा, अनोळखी हात. लोक कधी कधी कोण कुठले ते आधी विचारतात. सगुणाने काही विचारलं नाही. डबा घेतला, झाकण उघडलं, ठेच्याचा वास घेतला, आणि डबा तसाच दोन्ही हातांनी कपाळाला लावला, पहिले पैसे लावतात तसा.

सगळ्यांनी मारुतीकडे बघितलं. मारुतीने बिडी विझवली, विचार केला. "दिला, घेतला. दोघींना पायजे ता भेटला. बोनी म्हंजे आनखी काय असतं?"

आणि बाजार उघडला. एकदम. धरणाचं दार उघडावं तसा. "कांदे! कांदे! करंदी, सोडे!" होड्या सुटल्या, फिरल्या, एकमेकींना धडकल्या, काकूंना कांदे मिळाले. सूर्य कुठूनतरी लागला आणि धुकं पिवळं झालं. त्या सगळ्या गोंगाटाच्या मधोमध पायल होडीच्या तळाशी मांडी घालून बसली आणि खात होती. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तिखटाने का कशाने कोण जाणे. काटे बोटांनी बाजूला काढत, बोटं चाटत. रत्नदीपला तिने विचारलं पण नाही, खाणार का म्हणून. त्याला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

भाकर संपली. तिने डबा पुसून घेतला आणि वर बघितलं. "ताई, अजून आहे?"

"आगो, सगला खाल्लास? आता मी काय खाऊ?" सगुणा हसत सुटली. तिच्या तोंडात मेथी-भाकरी होती. "ता ठेचा तुझे सासूचा, कानातून धूर काढलान गो!"

*

पाणी उतरायला लागलं तशी एकेक होडी सुटली आणि धुक्यात गेली. काही ठाण्याच्या काठाला, काही पलीकडे. थोड्या वेळाने तिथं बाजार होता असं सांगायला फक्त कांद्याची सालं तरंगत होती. मारुती सावकाश वल्हवत होता.

"मागितलं मी," पायल बोलली.

"हो."

"आता काही होणार नाही ना रे?"

रत्नदीपला पटकन बोलायचं होतं, छे गं, काही नाही होणार. सगळे तेच बोलतात. मागच्या वेळी तोही तेच बोललेला. तो तिच्याकडे बघत राहिला. हनुवटीवर तेलाचा लाल ठिपका होता.

"मला नाय माहीत," तो बोलला. "खरंच नाय माहीत. पण त्या निवट्यांनी काय व्हायचं नाय, एवढं सांगतो. निवट्यांची तेवढी पोच नाय."

तिचं पोट हललं. आतून कोणीतरी पाय मारला असेल, नाहीतर तिखट लागलं असेल. तिने त्याचा हात ओढून तिथं ठेवला आणि तसाच धक्का येईपर्यंत धरून ठेवला.

बाळकुमहून परतीची बस अर्धी रिकामी होती. उन्हं चढलेली, टॉवर परत पायथ्यासकट उभे. रत्नदीपच्या मांडीवर भोपळा, पायात बादली, बादलीत मुळे. कंडक्टर आला. "कुठं?"

"ठाणे स्टेशन, दोन," रत्नदीप बोलला.

"नाही, थांबा," पायल बोलली. "माजिवडा द्या. अहो, तिथं पुलाखाली उसाचा रसवाला आहे ना? मला रस प्यायचाय. आलं घालून."

"आत्ता? एवढं सामान घेऊन?"

"आत्ता."

कंडक्टरने रत्नदीपकडे बघितलं. "माजिवडा देऊ?"

"द्या," तो बोलला.

"मोठा ग्लास," पायल खिडकीबाहेर बघत बोलली. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच ठरवल्यासारखं, "दोन घेईन."

माजिवडा आलं. ती आधी उतरली, एक हात कमरेवर, आणि मागे न बघता चालायला लागली. रत्नदीप भोपळा काखेत मारून, बादली सावरत तिच्या मागं.